सल्ला : सेसना घेऊ, पायपर घेऊ, की अजून थांबू?

पत्राचा सारांश : कॅलिफोर्नियात सॅन होजे भागात राहणारे, मूळचे नाशिकचे एक ४१ वर्षांचे वाचक लिहितात. ताई, लहानपणापासून विमानांचं वेड आहे. दोन वर्षांपूर्वी प्रायव्हेट पायलटचं लायसन्स मिळवलं. खऱ्या विमानातले तास ९०, त्यातले गेल्या वर्षभरातले ३१. घरच्या सिम्युलेटरवर मात्र सहाशेच्या वर तास झालेत. आता स्वतःचं विमान घ्यायचं ठरवलंय. चार महिने रोज रात्री सिममध्ये सेसना १७२, पायपर आर्चर, डायमंड डीए-४० आणि सिरस एसआर-२२ ही विमानं एकाच मार्गावर उडवून वेग, इंधन आणि चढण्याचा दर एक्सेलमध्ये मांडला. सिरस सगळ्यांत सरस ठरतं, पण परवडणारी पहिली दोनच. १९७८ ची एक सेसना १७२-एन पाहून ठेवली आहे. इंजिनाचं ओव्हरहॉल, म्हणजे पूर्ण उघडून नव्यानं बांधणी, १९९९ मध्ये झालं, त्यानंतर ती फक्त ४५० तास उडालीय. मालक रविवारपर्यंत उत्तर मागतोय. बायको एकदाच सोबत आली होती. दुपारच्या हेलकाव्यांत तिला उलटी झाली आणि त्यानंतर ती विमानात बसलेली नाही. ती म्हणते, हा पैशांचा धूर आहे. आपलं स्वतःचं विमान आलं की ती रुळेल, असं मला वाटतं. मुलगा १४ वर्षांचा, मुलगी १०. बहीण सॅन डिएगोला असते, नाशिकहून आईही अधूनमधून येते. कोणतं विमान घेऊ?

नमस्कार,

तुमच्या तक्त्याचा फोटो मी मोठा करून शेवटच्या ओळीपर्यंत पाहिला. चार विमानं, एकच मार्ग, एकच वारा, एकच उंची. इतकं नेटकं काम फार थोडे जण करतात. मी स्वतः सॅक्रामेंटोजवळच्या एका लहान विमानतळावर चौघांच्या भागीदारीत १९७६ ची आर्चर उडवते, आणि पावसाचा शनिवार आला की आजही घरी सिमवर बसते. त्यामुळे सिमला मी पोरखेळ म्हणणार नाही. त्याच्याकडून कोणती उत्तरं मागायची आणि कोणती नाही, एवढंच आधी ठरवावं लागतं.

पत्रात एक आकडा तुम्ही जाता जाता लिहून टाकलाय आणि माझी नजर तिथेच अडली. गेल्या वर्षभरात ३१ तास. एवढेच का? क्लबची विमानं सुट्टीच्या दिवशी मिळत नाहीत, दोन-तीन आठवडे आधी बुकिंग करावं लागतं, म्हणून? तसं असेल तर स्वतःचं विमान हा त्यावरचा खरा उपाय आहे. पण सकाळी मुलीचा सॉकर, दुपारी मराठी शाळा, रविवारी कुणाचा तरी वाढदिवस, असं होऊन राहून गेलं असेल, तर विमान दारात आलं तरी शनिवार तेवढाच राहणार. गेल्या वर्षीचं कॅलेंडर काढा. उडायचं ठरवून जे जे दिवस हुकले, त्या प्रत्येकापुढे खरं कारण लिहा. हे एका संध्याकाळचं काम आहे, पण चार महिन्यांच्या तक्त्यापेक्षा ते तुम्हाला जास्त सांगून जाईल.

त्या ३१ मागे पैशांचा हिशोबही आहे. विमान उडो न उडो, काही खर्च द्यावाच लागतो. बांधून ठेवायची जागा किंवा हँगर, विमा, दर बारा महिन्यांनी करावीच लागणारी अ‍ॅन्युअल तपासणी. हा समजा वर्षाला ९,००० डॉलर धरला. उडाल तसा लागणारा खर्च वेगळा. तासाला साडेआठ गॅलन एव्हगॅस, म्हणजे लहान विमानांचं पेट्रोल, साडेसहा डॉलरच्या भावानं ५५ डॉलर, आणि पुढच्या ओव्हरहॉलचे ३६,००० डॉलर २,००० तासांवर वाटले की १८ डॉलर. म्हणजे तासाला ७३. वर्षाला ५० तास उडालात तर त्यावर १८० डॉलर स्थिर खर्चाचे, एकूण २५३. १५० तास उडालात तर स्थिर खर्च ६० वर येतो, एकूण १३३. भाड्याचं विमान तासाला १९० ला मिळत असेल, तर ७७ तासांच्या पुढे गेल्यावरच आपलं विमान स्वस्त पडायला लागतं. यात विमानाची किंमत धरलेली नाही, अचानक निघणारी दुरुस्तीही नाही. आकडे मी गृहीत धरलेत, तुमच्या विमानतळाचे आणि तुमच्या विमा कंपनीचे खरे आकडे घालून पाहा. हौसेला मोल नसतं हे मलाही मान्य आहे. स्वस्त पडतं म्हणून कुणी विमान घेत नाही. पण हा हिशोब घरात दोघांनी मिळून एका कागदावर पाहिलेला असला पाहिजे.

आता तक्त्याकडे. त्यातली ‘सेसना १७२’ ही ओळ मला खोडावी लागतेय, आणि याचं मला वाईट वाटतं. मायक्रोसॉफ्टच्या सिममध्ये आणि एक्स-प्लेनमध्ये मुळात मिळणारी १७२ ही १७२-एस असते. तिचं इंजिन १८० अश्वशक्तीचं, त्यात फ्युएल इंजेक्शन, आणि विमानाचं कमाल वजन २,५५० पौंड. तुम्ही पाहून ठेवलेली १९७८ ची एन हे १६० अश्वशक्तीचं, कार्बुरेटरचं विमान आहे, आणि मूळ रूपात त्याचं कमाल वजन २,३०० पौंड. १७२ हे नाव १९५६ पासून चालत आलंय आणि चव्वेचाळीस हजारांच्या वर विमानं त्या नावानं बनली. नाव एक, पण पिढ्या वेगळ्या. दमट हवेत कार्बुरेटरमध्ये बर्फ धरतो, इंजिन खरखरायला लागतं आणि कार्बुरेटरला गरम हवा देणारी कार्ब-हीटची कळ ओढावी लागते. ही सवय इंजेक्शनच्या इंजिनावर सहाशे तास बसून लागत नाही, आणि तुमच्या किनाऱ्यावर वॉटसनव्हिल, हाफ मून बेच्या सकाळच्या धुक्यात ती लागतेच.

वेगाबद्दल फार लिहीत नाही. सॅन होजेहून मॉन्टेरे सुमारे ५० नॉटिकल मैल. ११० नॉटच्या सेसनानं २७ मिनिटं, १२० नॉटच्या आर्चरनं २५. सॅन डिएगोला मात्र फरक दिसतो. ३६५ मैलांना सेसना तीन तास वीस मिनिटं घेईल, १७० नॉटचं सिरस दोन तास दहा मिनिटं. बहिणीकडे तुम्ही वर्षातून किती वेळा जाता? दोनदा जात असाल तर त्या दोन फेऱ्यांसाठी बाकीच्या पन्नास उड्डाणांचा खर्च वाढवू नका. सिरसच्या पॅराशूटचं महत्त्व मी कमी लेखत नाही. अख्खं विमान खाली उतरवणारं ते पॅराशूट पाहून घरातल्या माणसांना धीर येतो आणि तो रास्त आहे. पण ते दर दहा वर्षांनी बदलून घ्यावं लागतं आणि त्याचा खर्च हजारो डॉलरांत जातो. ३१० अश्वशक्तीचं इंजिन तासाला पंधरा-सोळा गॅलन पितं, आणि ९० तासांच्या पायलटकडून विमा कंपनी वेगळं प्रशिक्षण मागते. डीए-४० माझ्या मते या चौघांतलं सगळ्यांत समंजस विमान आहे, सुरक्षिततेचा इतिहासही उत्तम. परवडायला लागेल त्या दिवशी ते जरूर बघा.

सिम ज्यात फार उपयोगी पडतं ती गोष्ट म्हणजे वजन. आणि तुमच्या तक्त्यात वजनाचा रकानाच नाही. बहुतेक जण सिममध्ये एकटेच बसून, मिळेल त्या वजनावर उडतात. तुम्ही ८२ किलो, पत्नी ६२, मुलगा ४५, मुलगी ३० असं धरते. २१९ किलो झाले. सामान ३०. पूर्ण टाकीतलं वापरता येणारं ४० गॅलन इंधन १०९ किलो. सगळे मिळून ३५८. या वयाच्या १७२-एनला साधारण ३७० किलोच्या आसपास ओझं झेपतं. नेमका आकडा त्या विमानाच्या वजनाच्या कागदावर असतो, तो मागून घ्या. म्हणजे आज तुम्ही काठावर बसता. चार वर्षांनी मुलगा सत्तरला पोचेल, मुलगी पन्नासला. तेव्हा इंधनाला उरतील ७६ किलो, म्हणजे अठ्ठावीस-एक गॅलन. एका तासाचा साठा राखून ठेवला तर अडीच तासही उडता येणार नाही. सॅन डिएगो एका झेपेत गाठणं संपलं. आई आल्या तर कुणीतरी घरी थांबणार. चौघांसाठी म्हणून घेतलेलं विमान चार वर्षांत अडीच-तीन माणसांचं होतं, आणि मुलं काही वाढायची थांबत नाहीत.

याच वजनावर सिममध्ये एक उड्डाण करा. साउथ लेक टाहोचा विमानतळ, उंची जवळपास ६,२७० फूट, जुलैची दुपार, तापमान २८ अंश. त्या हवेत इंजिनाला आणि पंखांना वाटतं की आपण नऊ हजारांच्याही वर आहोत. मैदानी गावात टुणकन उठणारं विमान तिथं धावपट्टी खात जातं, उठलं तरी चढत नाही, आणि समोर डोंगर असतो. एस मॉडेलवरच हे करून पाहा, मग त्यातून वीस अश्वशक्ती वजा झालेल्या एनची कल्पना करा. चौघं बसलेले असताना खऱ्या विमानात हे पहिल्यांदा कळू नये, म्हणून तर घरात सिम आहे.

आता जे सिममध्ये दिसतच नाही त्याकडे येते.

आर्चरला दार एकच, आणि ते उजव्या बाजूला. आधी पायलटनं पंखावर चढून, वाकून, उजव्या खुर्चीवरून सरकत डावीकडे जायचं. मग शेजारचं माणूस बसणार आणि दार तेच लावणार. दाराला दोन कड्या असतात, एक हाताजवळ आणि दुसरी वर छताशी. वरची नीट फिरवली नाही तर उड्डाणानंतर दार इंचभर उघडतं आणि वारा असा किंचाळतो की नवखा माणूस घाबरून जातो. विमान उडत राहतं, धोका त्या घाबरण्याचा असतो. आणि उतरल्यावर घाईनं बाहेर पडायची वेळ आली, तर तुम्हा चौघांच्या सुटकेची कडी तुमच्या पत्नीच्या हातात असेल. सहाशे तासांत तुम्ही एकदाही दार उघडलेलं नाही. कोणत्याही आर्चरजवळ जाऊन त्यांना ती कडी डोळे मिटून दहा वेळा उघडायला लावा. सेसनाला दोन दारं आणि वर पंख. सावली मिळते, खालचं दिसतं, आणि गुडघे दुखणाऱ्या आईंना निसरड्या पंखावर चढावं लागत नाही. आई आल्या की त्यांना फिरवून आणायचं हे तुमच्या मनात असेल, तर माझ्यासाठी हे एक कारण वेगाच्या दहा नॉटपेक्षा जड आहे.

सेसनाचीही एक जुनी खोड आहे. खुर्ची रुळांवर सरकते आणि रुळांच्या भोकांत पिन अडकून थांबते. भोकं झिजली की धावपट्टीवर वेग घेताना खुर्ची सर्रकन मागे जाते, हात योकवर, म्हणजे विमानाच्या स्टिअरिंगवर, असतात, योक माणसाबरोबर मागे ओढला जातो आणि नाक वर उठतं. अशा अपघातांनंतर १९८७ मध्ये अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्यानं, एफएएनं, या रुळांची ठरावीक तपासणी सक्तीची केली. विमान पाहायला जाल तेव्हा खुर्चीत बसून दोन्ही पाय जमिनीला रेटून मागे जोर लावा. जराही खट् झालं तर रूळ बघा.

इंधनाचंही तसंच. सेसनाची टाकी वर पंखात, इंधन आपल्या वजनानं खाली येतं, आणि खटका ‘दोन्ही’वर ठेवता येतो. आर्चरमध्ये डावी किंवा उजवी अशी एकच टाकी निवडावी लागते, खटका पायलटच्या डाव्या गुडघ्याजवळ. विसरलात तर अर्धं इंधन शिल्लक असताना इंजिन बंद पडतं. माझी पद्धत घड्याळाची आहे. मिनिटकाटा उजव्या अर्ध्यात असेल तर उजवी टाकी, डाव्या अर्ध्यात गेला की डावी. सिममध्ये हे विसरलं तर आपण पुन्हा सुरुवात करतो, म्हणून ते मुरत नाही. आर्चर घ्यायचीच असेल तर महिनाभर सिममध्ये घड्याळ समोर ठेवून ही सवय लावा. सवय लावायला सिम उत्तम आहे. आर्चरच्या कागदांत आणखी एक गोष्ट शोधा. २०१८ मध्ये फ्लोरिडातल्या डेटोना बीचला याच कुटुंबातल्या एका पायपर अ‍ॅरोचा पंख हवेत तुटला आणि दोघांचा जीव गेला. त्यानंतर या मालिकेतल्या बऱ्याच विमानांना पंखाच्या मुख्य तुळईच्या बोल्टच्या भोकांची खास तपासणी लागू झाली. ती लागू आहे का, झाली का, केव्हा, हे लॉगबुकात लिहिलेलं असतं.

आता त्या १७२-एनबद्दल. ‘ओव्हरहॉलनंतर फक्त ४५० तास’ हे तुम्ही तिची जमेची बाजू म्हणून लिहिलंय. जुन्या गाडीच्या बाबतीत आपण असाच विचार करतो. विमानाच्या इंजिनाला मात्र उभं राहणं बाधतं. १९९९ पासून ४५० तास म्हणजे वर्षाला सरासरी वीस तासही नाहीत. लायकमिंग कंपनीच्या इंजिनात, आणि या सेसनात तेच असतं, व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, म्हणजे कॅमशाफ्ट, क्रँकशाफ्टच्या वर असतो. इंजिन महिना-महिना उभं राहिलं की तेल खाली गळून जातं, कॅम कोरडा पडतो, दमट हवेत त्यावर गंजाचे बारीक ठिपके उठतात. पुढे तेच ठिपके कॅमला टेकून फिरणारे टॅपेट कुरतडतात. त्यातून १९७७ ते १९८० या वर्षांतल्या एनमध्ये एच-टू-ए-डी नावाचं इंजिन येत असे, आणि कॅम-टॅपेटच्या झिजेसाठी ते सुरुवातीपासून बदनाम होतं. इंजिनाला ठिणगी पुरवणारे दोन्ही मॅग्नेटोही त्यात एकाच दांड्यावर चालतात. पुढे सुधारणा झाल्या, तेलात घालायचं औषध आलं, आणि नियमित उडणारी अशी इंजिनं व्यवस्थित दोन हजार तास गाठतात. पण कॅलेंडरच्या हिशोबानं लायकमिंगची शिफारस बारा वर्षांत ओव्हरहॉलची आहे. खाजगी मालकाला ती बंधनकारक नाही, तरी किंमत ठरवताना हे इंजिन संपलेलं आहे असं धरा. ‘गेल्या तीन वर्षांत दरवर्षी शंभर तास उडालेली, इंजिनावर १,४०० तास’ अशी जाहिरात दिसली, तर मी तिच्याकडे आधी जाईन.

हे मी अनुभवानं शिकले. आमची आर्चर घेताना एका मेकॅनिकनं दीड तासात ‘मस्त आहे’ सांगितलं आणि आम्ही चौघांनी मान डोलावली. पहिल्या अ‍ॅन्युअलला दुसऱ्या मेकॅनिकनं कॉम्प्रेशन पाहिलं. सिलिंडरमध्ये ऐंशीच्या दाबानं हवा सोडतात आणि किती टिकते ते काट्यावर बघतात. तीन सिलिंडर सत्तरच्या वर, चौथा बावन्नला. त्यांनी मला खुणेनं बोलावलं आणि एक्झॉस्टच्या नळकांड्याशी कान लावायला सांगितलं. आतून बारीक, अखंड सुस्कारा येत होता. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नीट बसत नव्हता. मग त्यांनी ऑइल फिल्टर कापला, आतला घडीचा कागद पांढऱ्या टॉवेलवर पसरला आणि उन्हात धरला. तीन-चार चमचमते कण होते. चुंबकाला लागतात का ते पाहिलं. लागले नाहीत, म्हणजे निदान पोलादाचे, कॅमचे नव्हते. तेव्हा कुठे मी श्वास सोडला. सिलिंडर बदलावा लागला आणि त्या उन्हाळ्यात आम्ही सात आठवडे जमिनीवर होतो. तेव्हापासून प्रत्येक वेळी फिल्टर मी स्वतः समोर उभी राहून कापून घेते.

सिममध्ये याची थोडी चव घ्यायची असेल तर ए-टू-ए सिम्युलेशन्सचं पायपर कोमँची २५० घ्या. ते वापराबरोबर झिजतं. आज इंजिन दामटलंत तर पुढच्या महिन्यात त्याचा भुर्दंड दिसतो. रेडिओवर बोलायची धास्ती असेल तर व्हॅटसिम या ऑनलाइन जाळ्यावर हौशी कंट्रोलर फुकटात सराव करून देतात. एक गोष्ट मात्र जपा. सिमची माणसं खऱ्या विमानात डोळे पॅनेलवर खिळवून बसतात, कारण घरी बाहेरचं जग पडद्याएवढंच असतं. तुमच्या प्रशिक्षकाला पुढच्या उड्डाणात पॅनेल झाकून उतरायला सांगा.

आणि आता घर. पत्नीचा विरोध पैशांमुळे आहे असं तुम्ही धरून चाललाय. असेलही. पण ज्या माणसाला हेलकाव्यांत उलटी झाली आणि शेजारी नवरा एकटाच चालवत होता, तिच्या मनात ‘याला काही झालं तर मी काय करू’ हा प्रश्न आला नसेल असं मला वाटत नाही. तो तोंडावर विचारणं अवघड असतं, पैशांचं बोलणं सोपं. तुम्ही विचारलंय का? समजूत घालायची नाही, फक्त विचारायचं आणि ऐकायचं. आपलं विमान आलं की ती रुळेल, हे मला पटत नाही. मालकी बदलली म्हणून दुपारची तापलेली हवा शांत होत नाही, आणि ‘आता एवढे पैसे घातलेत, आता तरी चल’ हे दडपण मात्र वाढतं.

भाड्याच्याच विमानात त्यांना पुन्हा एकदा न्या, सकाळी नऊच्या आत. वीस मिनिटांचं उड्डाण, वॉटसनव्हिलला नाश्ता, ऊन चढायच्या आत परत. वळणं हलकी घ्या, पुढे काय होणार ते आधी सांगा, नजर क्षितिजावर ठेवायला सांगा, आणि खिशात आल्याची वडी असू द्या. त्या नको म्हणाल्या तर तो निर्णय त्यांचा. हो म्हणाल्या तर सोबत बसणाऱ्यांसाठी प्रशिक्षक छोटा कोर्स देतात, रेडिओवर मदत मागणं आणि विमान सरळ धरून खाली आणणं एवढंच शिकवतात. आमच्या भागीदारांपैकी एकाच्या बायकोनं तो केला आणि नंतर तीच सहलीचे बेत आखू लागली. अजून एक. तुमची टर्म इन्शुरन्सची पॉलिसी काढून वाचा. स्वतः विमान चालवताना झालेला मृत्यू काही पॉलिसींत वगळलेला असतो. हे तुम्ही आपणहून वाचून, दुरुस्त करून त्यांच्यापुढे ठेवलंत, तर त्यांच्या काळजीची तुम्हाला जाणीव आहे हे त्यांना दिसेल.

माझा कल विचाराल तर भागीदारीकडे. वरचाच हिशोब चौघांत केला की स्थिर खर्च प्रत्येकी २,२५० होतो, आणि ५० तास उडूनही तासाला ११८ पडतात. मुख्य म्हणजे चौघं उडवतात म्हणून इंजिन कोरडं पडत नाही. त्यासाठी लेखी करार हवा. दुरुस्तीचा खर्च कसा वाटायचा, कुणी सोडून गेला तर त्याचा वाटा कोण घेणार, कोणता शनिवार कुणाचा. आमचा करार चार पानांचा आहे आणि वर्षातून एकदा आम्ही तो जेवायला बसून पुन्हा वाचतो. तुमच्याकडे आणखी एक प्रश्न आहे, इंधनाचा. सँटा क्लारा काउंटीनं रीड-हिलव्ह्यूसारख्या आपल्या विमानतळांवर शिसं असलेल्या एव्हगॅसची विक्री २०२२ च्या सुरुवातीला थांबवली, आणि राज्याच्या कायद्यानं २०३१ पासून कॅलिफोर्नियात ते विकता येणार नाही. कोणत्या इंजिनाला कोणतं बिनशिशाचं इंधन मान्य आहे, हे विमान घेण्याआधीच मेकॅनिककडून लिहून घ्या.

असंच पत्र लिहिणाऱ्या इतरांसाठी दोन गोष्टी. अमेरिकेत स्वतःच्या नावावर विमान नोंदवायला नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड लागतं. एच-वन-बीवर असाल तर उडायला शिकता येईल, त्यासाठी आधी सुरक्षा खात्याची परवानगी काढावी लागते, पण विमान थेट नावावर होणार नाही, आणि भागीदारीतही तुमचं नाव घालण्याआधी वकिलाला विचारा. पुण्या-नागपूरहून लिहिणाऱ्यांना मी विमान घ्या असं आज सांगणार नाही. लहान विमानांचं एव्हगॅस भारतात २०२२ पर्यंत आयात व्हायचं, त्या वर्षी इंडियन ऑइलनं वडोदऱ्याला ते बनवायला सुरुवात केली, तरी सगळ्याच विमानतळांवर ते भरून मिळत नाही. बारामतीसारख्या ठिकाणच्या प्रशिक्षण संस्थेत जाऊन आधी एक परिचय-उड्डाण मागा. घरी सिम असेल तर शिकताना त्याचा फायदा होईलच.

राहिला रविवार. त्या मालकाला फोन करून सांगा की विमान आवडलंय, पण तीन गोष्टी हव्यात. सगळ्या लॉगबुकांच्या प्रती, गेल्या पाच वर्षांत कोणत्या महिन्यात किती उडालं याची नोंद, आणि तुम्ही निवडलेल्या, त्या विमानाला पूर्वी कधी हात न लावलेल्या मेकॅनिककडून पूर्ण तपासणी. तीत फिल्टर कापणं आलं, आणि कॅम डोळ्यांनी पाहणं आलं, त्यासाठी सिलिंडर काढावा लागला तरी. खर्च तुमचा. तो हो म्हणाला तर दोन आठवडे मागून घ्या आणि तोवर ते कॅलेंडर आणि तो कागद घेऊन पत्नीशी बोला. नाही म्हणाला तर त्याला शुभेच्छा देऊन फोन ठेवा. १९७८ ची १७२ पुढच्या महिन्यातही कुणीतरी विकत असेल.